गोष्टीला हुंकारा कोण देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं कथा लिहिते आहे, चार छापून आल्या. एक ज्येष्ठ सांगतात, वाचकाचा विचारच करू नकोस, स्वतःसाठी लिही. दुसरे सांगतात, वाचकाला काय हवं ते आधी ओळख. साहित्य म्हणजे लेखक-वाचकांचा संवाद असं सगळेच म्हणतात, पण पलीकडून आवाजच येत नाही. मग मी बोलते आहे ती कुणाशी? सोबत तुम्ही चार पानांची एक कथाही पाठवली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मी तीसेक वर्षं पुण्यात हस्तलिखितं वाचण्याचं काम केलं. सुरुवात मुद्रितशोधक म्हणून झाली. खिळ्यांच्या छपाईचे ते शेवटचे दिवस होते आणि गॅली प्रुफांची शाई मनगटाला लागायची. पुढे एका प्रकाशनात संपादक झालो, जोडीला दिवाळी अंकांसाठी कथा निवडत होतो. तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले मी स्वतः वेगवेगळ्या लोकांना दिलेले आहेत, आणि दोन्ही वेळा समोरच्याचा गोंधळ वाढवला आहे. तेव्हा हे उत्तर थोडं प्रायश्चित्त म्हणूनही वाचा.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एक अट असे. हुं म्हणायचं. हुंकारा थांबला की पोर झोपलं असं ती समजायची आणि गोष्ट तिथेच मोडायची. 'हुं' घाबरून आला की राक्षस आणखी थोडा वेळ दारात उभा राहायचा. कंटाळलेला आला की राजपुत्राचं लग्न एका वाक्यात उरकायचं. म्हणजे गोष्ट आजीची असली तरी तिची लांबी-रुंदी आम्ही ठरवत होतो. पोवाड्यात शाहिरामागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, कीर्तनात टाळकरी धृपद उचलतात, तेही याच जातीचं काम. सांगणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळते आणि समोरच्यांचा ठाव लागतो.

छापील पानाला हुंकारा नाही. तुम्ही मे महिन्यात लिहिता, अंक दिवाळीला निघतो आणि नगरकडचा कुणी वाचक तो पुढच्या उन्हाळ्यात वाचनालयातून घरी नेतो. दुसऱ्या पानावर त्याच्या कपाळाला आठी पडते तेव्हा तुम्ही तिथे नसता. 'थांबा, मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगायची सोय नाही. म्हणून ती आठी लिहितानाच दिसावी लागते. ज्याला आठी दिसते तो संवाद करतो. ज्याला दिसत नाही तो भाषण करतो, मग ते कितीही सुंदर असो.

आता 'स्वतःसाठी लिही' या सल्ल्याचं बघू. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईइतकं एकटं कोण असेल? घर झोपलेलं, समोर दगड. तरी तिची ओवी मोघम हवेत सुटत नाही. ती भावाला हाक मारते, आईला मारते, शेजारच्या सईला मारते, पंढरीच्या विठ्ठलाला मारते, आणि कुणीच सापडलं नाही तर जात्यालाच देव करून त्याच्याशी बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या टिपल्या गेल्या. त्यातल्या थोड्या जरी चाळल्या तरी लक्षात येतं की ओवीत कुठेतरी एक 'तू' असतो. समोर माणूस नसताना माणूस धरून बोलणं ही कला आपल्याकडे विद्यापीठांच्या आधीपासून आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचून म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व त्यांचा मावसभाऊ जमेल तशी ती उतरवून ठेवत. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. बहिणाबाईंच्या हयातीत पुस्तक नव्हतं, तेव्हा पुस्तकाचा वाचकही नव्हता. ऐकणारा मात्र घरातच होता, आणि त्याच्या हातात पेन्सिल होती. 'स्वतःसाठी' म्हणणाऱ्या तुमच्या ज्येष्ठांना बहुधा एवढंच सुचवायचं असेल की टाळीसाठी लिहू नकोस. ते बरोबरच आहे. पण टाळी वाजवणारी गर्दी आणि ऐकणारं एक माणूस यांत फार अंतर आहे.

दुसऱ्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. एका वर्षी एका अंकातली वृद्धाश्रमावरची कथा खूप वाचली गेली. पुढच्या जूनमध्ये माझ्या टेबलावर वृद्धाश्रमाच्या अकरा कथा. अकराच्या अकरा साभार परत. वाचकाला काय हवं हे वाचकालाही आधी ठाऊक नसतं. १९७७ साली कुणी घरोघर फिरून 'तुम्हाला कोणतं पुस्तक वाचायला आवडेल' असं विचारलं असतं, तर महारवाड्यात वाढलेल्या माणसाचं आत्मकथन, असं किती जणांनी सांगितलं असतं? १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. ते काढलं ग्रंथालीने, जी स्वतःला वाचक चळवळ म्हणवत होती. पांढरपेशा वाचक हादरला. खुद्द पवारांच्या समाजातल्या काहींना वाटलं की याने घरची लक्तरं वेशीवर टांगली. संवाद म्हटला की गोडच असतो असं नाही, हेही त्या पुस्तकाने दाखवलं.

तुम्ही कथा लिहिता, म्हणून त्या पुस्तकातली एक युक्ती नीट बघा. सगळं निवेदन दोघांच्या भेटीवर उभं आहे. एक दगडू मारुती पवार, दुसरा शहरात रुळलेला, लिहिणारा दया पवार. दगडू सांगतो, दया ऐकतो. दोघे एकच. लेखकाने हुंकारा देणारा पुस्तकातच बसवून टाकला. त्यामुळे सांगणाऱ्याला ओरडावं लागत नाही, आर्जवही करावं लागत नाही. जो माणूस आपल्यातलाच आहे आणि आता थोडा परका झाला आहे, त्याला सांगावं तसं तो सांगत जातो. वाचक मग आपसूक त्या ऐकणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो.

याहून चांगला धडा हवा असेल तर मागे जावं लागेल. शके १२१२, म्हणजे १२९०. नेवाशात ज्ञानदेव गीतेवर बोलत आहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत असं आपण मानतो. ज्ञानेश्वरी म्हणजे तत्त्वज्ञान, असं मानून आपण ती हात जोडून बाजूला ठेवतो. एका संपादकाच्या नजरेने बघाल तर तिथे श्रोत्यांचा वावर केवढा आहे! नवव्या अध्यायाच्या दारातच ज्ञानदेव अवधान मागतात. विषय लांबला की कबुली देतात, समोरच्यांची मर्जी सांभाळतात, आपण लहान तोंडी मोठा घास घेतोय असं म्हणत लाडात येतात. कृष्ण अर्जुनाला सांगतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, ते ज्ञानदेव आपल्या श्रोत्यांना सांगतात, आणि समोर निवृत्तिनाथ बसलेले. हुंकाऱ्यांच्या चार पायऱ्या.

त्यातली मला सर्वांत आवडणारी जागा नवव्या अध्यायाच्या शेवटाला आहे. कृष्णाचं बोलणं सांगता सांगता संजयच विरघळला आहे, त्याच्या अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. आणि ज्याला सांगायचं तो म्हातारा धृतराष्ट्र? पुराच्या पाण्यात रेडा बसून राहावा तसा ढिम्म. तेच शब्द, तीच वेळ, आणि दोघांच्या पदरात पडलेलं इतकं वेगळं! ज्ञानदेवांनी आदर्श श्रोता रंगवला आणि त्याच्या शेजारी न ऐकणाराही रंगवला. आपलं बोलणं काही जणांवरून असंच वाहून जाणार हे त्यांनी मान्य केलेलं होतं, आणि तरी सूर चढवला नाही. तुमच्या चार कथांवर पलीकडून आवाज आला नाही असं तुम्ही म्हणता. संजय आणि धृतराष्ट्र, दोघेही लेखकाला पत्र लिहीत नाहीत हे लक्षात ठेवा. एकाला शब्द सापडत नाहीत, दुसऱ्याला गरज वाटत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात ऐकणाऱ्याला 'सहृदय' म्हटलं आहे. अभिनवगुप्ताने तर त्याच्या मनाला आरशाची उपमा दिली: काव्याच्या सरावाने स्वच्छ झालेला आरसा. म्हणजे वाचकालाही तयारी करावी लागते, ही गोष्ट आपल्याकडे हजार वर्षांपासून मान्य आहे. पण लेखकांनी हा मुद्दा स्वतःच्या बचावासाठी वापरू नये. माझ्याकडे येणाऱ्या फसलेल्या कवितांचे कवी हमखास 'सहृदय वाचक उरलेच नाहीत' असं म्हणायचे.

विश्वास कसा तुटतो याचं एक उदाहरण माझ्याच खात्यावरचं आहे. एका ग्रामीण कथेत श्रावणात शेतावर हुरड्याची पार्टी रंगली होती. लेखक शहरातले, मीही शहरातला. दोघांनाही काही खटकलं नाही. अंक निघाल्यावर सोलापूर जिल्ह्यातून एक पोस्टकार्ड आलं. 'तुमच्या लेखकांना पौषात आमच्याकडे पाठवा, हुरडा कधी असतो ते दाखवतो. श्रावणात आमच्या रानात ज्वारी पेरलेलीसुद्धा नसते. पुढची कथा वाचली नाही.' शेवटचं वाक्य मला लागलं. पुढची कथा दुसऱ्याच लेखिकेची होती, आणि चांगली होती. वाचक एकदा हात सोडतो तो पुष्कळदा सगळ्या अंकाचाच सोडतो. तेव्हापासून कथेत पीक, सण, नातं किंवा गाडीची वेळ आली की मी ती जाणत्या माणसाकडून तपासून घेत असे. यात वास्तववादाचं काही नाही. सांगणारा त्या ठिकाणी जाऊन आलाय असं ऐकणाऱ्याला वाटावं लागतं, मग तो राक्षससुद्धा मान्य करतो.

आता वाचकाला जागा ठेवण्याबद्दल, कारण तुमच्या कथेचं दुखणं तिथेच आहे. एका कथेत नवरा गेल्यावर महिन्याभराने बायको पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत बसते. कथा तिथे संपलेली होती. पण लेखकाने खाली आणखी चार ओळी लिहिल्या होत्या: तिला काय वाटलं, ती कशी मोकळी झाली, वगैरे. मी त्या चार ओळी काढायला सांगितल्या. पंधरा दिवस अबोला. शेवटी काढल्या. अंक निघाल्यावर तीन पत्रं आली. एकाने लिहिलं, बाईने बरोबर सूड घेतला. एका बाईंनी लिहिलं, ती त्याची ऊब शोधत होती, मीही असंच केलं. तिसऱ्याने एवढंच विचारलं होतं की खुर्ची वेताची होती का, आमच्याकडे तशी होती. लेखक तिसऱ्या पत्रावर चिडले. माझ्या मते सर्वांत खोल वाचन त्याचंच होतं. तो कथेत शिरला, आणि बाहेर आला तो स्वतःच्या घरात. त्या चार ओळी राहिल्या असत्या तर तिघांनाही एकच गोष्ट मिळाली असती आणि तिघांनीही ती मिळाली म्हणून पत्र लिहिलं नसतं.

पण सावधान. जागा ठेवणं वेगळं आणि धूसर लिहिणं वेगळं. खुर्चीत कोण बसलं, कधी बसलं, खुर्ची कुणाची, हे सगळं त्या कथेत लख्ख होतं. फक्त 'का' मोकळं ठेवलं होतं. नवे लेखक पुष्कळदा उलटं करतात. 'का' तीन-तीनदा सांगतात आणि कोण, कुठे, केव्हा याचा पत्ता नसतो.

भाषेचंही थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या कथेत बोलीतले शब्द आहेत आणि तुम्ही प्रत्येकाला खाली टीप दिली आहे. खानदेशातल्या एका लेखकाच्या कादंबरीला मीही असाच टीपांचा आग्रह धरला होता. ते शांतपणे म्हणाले, 'साहेब, माजघर आणि पळी-पंचपात्र आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं तेव्हा खाली टीप होती का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकर म्हणजे भाषेचा कान असलेला मुंबईकर लेखक, पण या कवितांतले कितीतरी शब्द त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर गोलपिठ्याच्या त्या वेश्यावस्तीत फिरले, आणि आपलं हे अज्ञान प्रस्तावनेत लपवलं नाही. एका शहरात राहणाऱ्या दोन माणसांमध्ये किती मैलांचं अंतर असू शकतं हे त्या प्रस्तावनेइतकं मला दुसऱ्या कशाने कळलेलं नाही. इथे कवी वाचकाकडे चालत गेला नाही, वाचक कवीकडे गेला. संवादात दर वेळी लेखकानेच जिना उतरायचा असं कुणी ठरवलं? टीपा काढा. तो शब्द वाक्यात काय काम करतोय ते दिसलं की पुरे, उरलेलं अंतर वाचक चालेल. नाही चालला तर तो धृतराष्ट्र.

उत्तर उशिरा येतं, हे तर जुनंच दुखणं. आठव्या शतकातल्या भवभूतीने 'मालतीमाधव'च्या आरंभी म्हणून ठेवलंय की माझा समानधर्मा कुणीतरी कधीतरी जन्मेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे. हे वाक्य सभांमधून फार अभिमानाने म्हटलं जातं. मला त्यात थोडी चिडचिडही ऐकू येते: समोर बसलेल्यांकडून हुंकारा येत नव्हता, म्हणून त्याने न जन्मलेल्याकडे मागितला. मर्ढेकरांच्या १९४७च्या 'काही कविता'ला दुर्बोध म्हटलं गेलं, अश्लीलतेचा खटलाही झाला. आज त्याच कवितांवर मुलं परीक्षेत उत्तरं लिहितात. हे सुख म्हणावं की दुसरी शिक्षा, मला ठरवता आलेलं नाही.

आणि जी. ए. कुलकर्णी. धारवाडात राहिले, सभा-संमेलनांपासून लांब राहिले, लोकांना भेटणं टाळलं. वाटेल की याला वाचक नकोच होता. पण हाच माणूस पत्रं किती लिहीत होता! त्यांच्या निवडक पत्रांचेच खंड निघाले आहेत. गर्दी नको, पण एक माणूस हवा, आणि तोही कागदाच्या पलीकडे. मघाशी तुमच्या ज्येष्ठांबद्दल मी जे म्हटलं ते यावरून सुचलं होतं.

आता करायचं काय? मी नव्या लेखकांना एक उद्योग सांगतो. कथा झाली की एका माणसाला वाचून दाखवा. लेखक मंडळींपैकी नको. मावशी, शेजारी, दुकानातला मुलगा, कुणीही. वाचताना कागदाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघा. तो मोबाइल उचलतो त्या ओळीवर पेन्सिलीने टिंब करा. 'कशी वाटली?' असं विचारू नका, कारण 'छान' याखेरीज काही मिळणार नाही. दोन दिवसांनी त्यालाच म्हणा, 'ती गोष्ट मला सांग बरं.' तो सांगेल. काय गाळतो, कशाला वाढवतो, कुणाचं नाव विसरतो ते ऐका. जे पात्र त्याने आपल्या मनाने थोडं बदलून सांगितलं ते जिवंत आहे. जे विसरला ते बहुधा तुम्ही फक्त मांडणीसाठी आणलं होतं. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या बदामांवरून यातलं काही कळत नाही. तिथे माणूस तुम्हाला दाद देतो, कथेला नव्हे. हा उद्योग थोडा लाजिरवाणा आहे. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या कथाकारांनी तो एकदाच करून पाहिला आणि पुन्हा केला नाही. मात्र त्यांच्या पुढच्या कथा आखूड झाल्या.

तुमच्या कथेबद्दल. पहिलं पान निम्मं करा. आत्याचा भूतकाळ तुम्ही तिथे एकदम ओतला आहे आणि तो पुढे संवादांतून येतोच. तिसऱ्या पानावर 'आत्याला अपराधी वाटत होतं' हे वाक्य काढा. त्याआधी ती भाच्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढते, तेवढ्याने काम झालेलं आहे. टीपा गेल्या, हे वर आलंच. शेवटाला हात लावू नका.

फक्त शेवटच्याच ओळीबद्दल एक शंका राहते. आत्या दार ओढून घेते आणि कडी लावते. ती कडी आतून लावते की बाहेरून? तुमच्या वाक्यातून दोन्ही निघतं. मी दोनदा वाचली. पहिल्यांदा मला ती बाहेर, पायरीवर उभी दिसली, हातात पिशवी. दुसऱ्यांदा आत, अंधारात. तुमच्या मनात काय होतं ते मला कळवू नका. मुद्दाम ठेवलं असेल तर उत्तमच. चुकून राहिलं असेल तर तेही कुणाला सांगू नका, आणि कथा आहे तशी पाठवून द्या. बहुतेक दिवाळी अंक गणपतीच्या आत कथा घेतात.